पिवळा लाईट धुकं फाडत नाही, भाऊ!

पोस्ट लांब आहे. रात्री-पहाटे गाडी काढणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

थंडी पडली की अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात एकच गाणं सुरू होतं. "भाऊ, पिवळे टाका, धुकं फाडतं." आणि आपली पोरं टाकतात. कुणी बंपरला, कुणी बोनेटसमोर, कुणी थेट टपावर पट्टी. मग धुकं असो-नसो, जानेवारी असो की मे, दिवस मावळला की ते चालू. समोरचा दुचाकीवाला आंधळा होऊन साईडपट्टीवरून खाली गेला तरी यांच्या मते यांनी सेफ्टी केली.

पिवळ्या लाईटला माझा विरोध नाही. नीट बसवला तर चांगलाच आहे. पण तो धुकं फाडतो हे खोटं आहे, आणि या खोट्याच्या भरवशावर लोक पहाटे चारला कामरगाव घाटात ऐंशीने गाडी दामटतात. राग त्याचा आहे.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं की निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून आभाळ निळं. बरोबर आहे, पण ते हवेच्या रेणूंबाबत. धुक्याचा थेंब त्या मानाने राक्षस असतो. प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनपेक्षाही कमी आणि थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा. एवढा मोठा थेंब निळा, पिवळा, पांढरा असा भेद करत नाही, सगळ्यांना सारखाच फेकतो. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं.

मग पिवळ्याचा फायदा कुठं? आपल्या डोळ्यात. पिवळ्यात निळा-जांभळा भाग गाळलेला असतो आणि डोळ्याला टोचतो तो जास्त करून तोच. समोरच्या पांढऱ्या पडद्याचा त्रास थोडा कमी होतो, लांबच्या प्रवासात डोळे कमी शिणतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाईटच कायद्याने पिवळे असायचे, पुढे तेही सोडून दिले. म्हणजे फायदा आहे, पण किरकोळ. रस्ता दिसण्यासाठी लाईट कुठं बसवलाय, किती खाली वाकवलाय आणि त्याचा झोत वरून कापलेला आहे का, याला रंगापेक्षा जास्त किंमत आहे. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतो तो शोभेसाठी नाही. झोत धुक्याच्या खालून, रुंद पसरून रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दाखवायला हवा. टपावरची पट्टी नेमकं उलटं करते. तुमच्याच डोळ्यासमोरचं धुकं उजळवते. पैसे देऊन भिंत विकत घेतली म्हणायची!

आणखी एक घोळ. पिवळा वेगळा, नारिंगी वेगळा. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पुढचा फॉग लॅम्प पांढरा किंवा फिकट पिवळा चालतो. नारिंगी हा इंडिकेटरचा रंग. दोन्ही बाजूंना नारिंगी लावून आलात तर समोरच्याला धुक्यात कळत नाही की वळताय, थांबलाय की येताय. धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवणाऱ्यांनाही हेच लागू. बॉक्सवर ३००० केल्विनच्या आसपास लिहिलं असेल तर पिवळा, ६००० म्हणजे निळसर पांढरा. दुकानदाराच्या तोंडापेक्षा बॉक्स वाचा.

कायदाही आहे बरं. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तुमचा लाईट दिपवता कामा नये. पूर्वी ट्रक-एसटीच्या हेडलाईटला वरून काळा रंग मारलेला असायचा, आठवतंय का? त्या काळात आपण जास्त शहाणे होतो असं वाटतं कधी कधी. हेल्मेटसाठी पुणे रोडला पावत्या फाडल्या जातात, पण टपावरच्या पट्टीसाठी फाडलेली पावती मी अजून पाहिली नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडचं धुकं, शेतकरी ज्याला धुई म्हणतो आणि कांद्याला औषध मारायला पळतो, ते नेमकं ऊस हंगामातच पडतं. बायपासला, दौंड रोडला, सोलापूर रोडला पहाटे दोन-दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर चिखलाने आणि लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. एखादा पंक्चर होऊन रस्त्यातच उभा, मागे दोन दगड ठेवले की झाली सेफ्टी. फॉग लॅम्पचा झोत मुळात जवळचा. लांबून दिसायचं असेल तर त्या ट्रेलरनेच काहीतरी चमकवायला हवं. तिथं तुमचा तीन हजारांचा पिवळा लाईट काय करणार?

साधा हिशोब मांडतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा, पुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावरही थांबायला साधारण ३५ मीटर. झाले ५७. दाट धुक्यात दिसतं ३०-४० मीटर. ताशी ४० ला हेच गणित २० मीटरच्या आसपास संपतं. दुसरा कुठला लाईट एवढा फरक पाडत असेल तर मला दाखवा.

ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. रात्रभर खेप करणारा माणूस आहे तो. नाकाबंदी करायची तर कारखान्याच्या काट्यावर करा. प्रत्येक गाडी तिथं थांबतेच, चुकवून जाणार कुठं? मागे लाल आणि कडेला पिवळी चमकणारी पट्टी नसेल तर वजन करू नका. रिफ्लेक्टर नाही तर काटा नाही! कारखान्याने पट्टीचे रोल काट्यावरच ठेवावेत, पैसे बिलातून कापावेत. एका खेपेच्या हिशोबात तो खर्च दिसणारही नाही. आरटीओ आणि वाहतूक शाखेने हंगामाआधी कारखान्यांना तसं लेखी द्यावं, आणि दिलं की नाही हे लोकांना सांगावं.

ज्यांची कुठल्या संचालकाशी ओळख आहे त्यांनी पोस्ट त्यांना पाठवा, मला टॅग करा. आणि ज्यांनी पिवळे टाकलेत त्यांनी आज रात्री गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून बघा. झोताची वरची कड लाईटच्या उंचीच्या खाली पडली पाहिजे. वर जात असेल तर स्क्रू फिरवून खाली घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. टपावरची पट्टी मात्र काढाच.