कोंबड्यांचा बंगला

माणसाला घर बांधायचं असलं की तो आधी बायकोला विचारतो. निदान विचारल्याचं नाटक तरी करतो. कोंबड्यांचा खुराडा बांधायचा असला की मात्र कुणालाच विचारत नाही. ना कोंबडीला, ना कोंबड्यांचं करणाऱ्या बाईला. हल्ली आमच्या मालगुंडात परसातल्या खुराड्यांचे जे नवे नमुने दिसू लागले आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी मुख्य तक्रार हीच. बाकीच्या तक्रारी हिच्याच पोटातल्या.

मालगुंड म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव. १९९४ साली इथे त्यांचं स्मारक झालं, उद्घाटनाला साक्षात कुसुमाग्रज आले होते. गणपतीपुळ्याला आलेली मंडळी देवदर्शन आटोपून स्मारक बघायला येतात आणि बाहेर पडता पडता विचारतात, "गावठी अंडी कुठे मिळतील हो?" कवितेनंतर अंडी आठवावीत यात मला काही गैर वाटत नाही. पण त्या एका प्रश्नाने आमचा मागल्या दारचा खुराडा पुढल्या दारी आला. पूर्वी तो पाहुण्याला दाखवायचा जिन्नस नव्हता. आता त्याचा 'प्रोजेक्ट' झाला. आणि कशाचाही प्रोजेक्ट झाला की त्यात पुरुष शिरतात.

आमच्याकडे तो धाकट्या चुलतभावाच्या रूपाने शिरला. हा राहतो बोरिवलीला, चौथ्या मजल्यावर. त्याने मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी खुराड्याचा नकाशा पाहिला आणि मे महिन्यात गवंडी घेऊनच गावी उतरला. तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब, पुढे कमान, कमानीत जाळी, सगळ्याला लाल ऑइलपेंट. राहणाऱ्या कोंबड्या अकरा.

"दादा, फ्रंट पश्चिमेला ठेवलाय. समुद्र दिसतो!"

"कोणाला?" मी विचारलं.

माझं म्हणणं विरोधी पक्षाच्या म्हणण्यासारखं नोंदवून घेण्यात आलं आणि काम पुढे चालू राहिलं.

वाचकहो, रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. पुस्तकं सांगतात, खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे मोकळ्या बाजू उत्तर-दक्षिणेला येतात, वारा खेळतो. पश्चिमेची बाजू बंद हवी, दक्षिणेला पागोळी चांगली दोन हात पुढे हवी. आमच्या बंगल्याने जूनपासून पश्चिमेला आ वासला तो वासलाच. आत पसरलेलं भाताचं तूस ओलं झालं. ओल्या तुसात विष्ठा मिसळली की अमोनिया सुटतो, आणि वळचणीखाली हवेला वाट नसली की तो तिथेच कोंडतो. कोंबड्यांचे डोळे पाणावले. समुद्र पाहून असं माझ्या चुलतभावाला फोनवर वाटलं असेल.

जाळीची गंमत याहून मोठी. दुकानात जी षटकोनी भोकांची कोंबडजाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला असते, बाहेरच्याला बाहेर ठेवायला नव्हे. भटका कुत्रा ती दातांनी ओढतो, तिच्या इंचभर भोकातून लहानसा साप आरामात येतो. तिथे हवी अर्ध्या इंचाची वेल्डमेश, आणि ती जमिनीतही हातभर गाडलेली, कारण उकरणारे तळातून येतात. पण आमच्याकडे शत्रू म्हणजे मुंगूस, आणि मुंगूस म्हणजे रात्री कडी लावली की झालं, एवढंच शास्त्र. मुंगूस दिवसाढवळ्या हिंडणारा प्राणी! तो येतो सकाळी दहाला, सगळं घर कामात असताना, खुडूक बसलेल्या कोंबडीच्या अंड्यांवर. रात्रपाळी रानमांजराची आणि उदमांजराची. दोघांच्या वेळा वेगळ्या, वाटा वेगळ्या. हे ज्याला ठाऊक नाही त्याने कमान काढू नये.

आणि बसायला दांडी? नकाशात समुद्र होता, दांडी नव्हती. कोंबडी जमिनीवर झोपणारा प्राणी नव्हे. रानात ती झाडावर चढून निजत होती. कोंबडीमागे ८ इंच धरले तरी अकरा जणींना साडेसात फुटांची दांडी लागते. दोन रुपयांचा हिशेब. पहिल्या रात्री सगळ्याजणी खुराडा सोडून फणसावर जाऊन बसल्या.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. पडवीत डालग्याखाली कोंबड्या झाकून ठेवायचो तेव्हा मानमोडी यायची आणि आठवड्यात सगळं डालगं रिकामं व्हायचं. तिच्यावर लस आली हे उत्तमच झालं. पत्र्यापेक्षा कौलं बरी, हे २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळात उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. सिमेंटची जमीनही हवी, उतार देऊन, धुता येईल अशी. माझं भांडण सिमेंटशी नाही.

भांडण आहे ते दाराशी. या बंगल्याचं दार दोन फूट उंच. झाडायला कोण जाणार? वहिनी. त्यांचं वय बासष्ट, गुडघे त्याहून वडील. रोज सकाळी त्यांनी रांगत आत जायचं, रांगत तूस हलवायचं, कोपऱ्यातली अंडी चाचपायची आणि उलट रांगत बाहेर यायचं. अंड्यांची पेटी बाहेरून झाकण उघडून हात घालता येईल अशी करता आली असती. पाच कोंबड्यांना एक खण पुरतो, तेव्हा अकराजणींना तीन खण. खुराडा जमिनीपासून हातभर उचलून जांभ्याच्या चार खांबांवर बसवला असता तर वाकायलाही लागलं नसतं. हे सगळं वहिनी सांगू शकल्या असत्या. त्यांना विचारलं गेलं ते एवढंच की, "वहिनी, गवंड्याला चहा मिळेल का?"

आमच्या घरात कोंबड्या नेहमी बायकांच्या. आंब्याचे पैसे दादांचे, भाताचे घराचे, अंड्यांचे आईचे. ते पैसे डब्यात असत आणि डबा कुठे असे ते कोणी विचारत नसे. माझ्या बहिणीची दहावीची फी त्याच डब्यातून गेली. दादांना तर परीक्षा झाल्यावर कळलं की ती परीक्षेला बसली होती. पुढे डबा वहिनींकडे आला. आता खुराड्यावर जेवढा खर्च झाला तेवढी अंडी या अकराजणी कितीही वर्षं जगल्या तरी घालणार नाहीत. पण खर्च केला म्हणून चुलतभावाचा हिशेबावर हक्क आला. गणपतीला आला तेव्हा त्याने एक वही आणली. रोजची अंडी, विकलेली अंडी, दर, शिल्लक, असे रकाने आखून. वर पुढच्या वर्षी कडकनाथ आणायचा बेत. झाबुआच्या त्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बोरिवलीत तिच्यावर फार चर्चा होते म्हणे.

वहिनींनी वही घेतली, उलटसुलट पाहिली.

"भाऊजी, यात झाडणाऱ्याचा रकाना कुठाय?"

"तो कशाला?"

"मजुरी लिहायला."

वही सध्या फडताळात आहे, कोरी. दसऱ्याला गवंडी पुन्हा येणार आहे. कमान पाडायची, पश्चिमेची बाजू बंद करायची, दार साडेपाच फुटांचं करायचं. माप वहिनींनी स्वतः भिंतीला टेकून उभं राहून खडूने काढून ठेवलंय. चुलतभावाला अजून कळवलेलं नाही.