काळी बाभूळ आणि आबनूस

आबनुसाची म्हणून विकलेली पेटी कोपऱ्याला तासून पाहा, आतून बऱ्याचदा भुरे लाकूड निघते. तरीही ती काळी करणाऱ्या सुताराला मी लबाड म्हणणार नाही. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस मुरवून ते पाणी तो बाभळीवर फिरवतो. लाकडातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन काळा रंग धरतो. टॅनिन कमी पडले तर आधी हिरड्याचा काढा लावायचा. जुनी शाईसुद्धा अशीच होत असे!

आणि आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू तरी काय? जरीच्या किनखापाची सुती-रेशमी नक्कल. 'सारखे' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून ते नाव आले म्हणतात. नक्कल खरी, पण स्वतःच्या नावाने विकली गेली.

बाभळीला ते भाग्य नाही. टेंभुर्णीचा (हो, विडीच्या पानांचीच!) काळा गाभा म्हणजे आपल्याकडचे आबनूस, तो तयार व्हायला वर्षानुवर्षे लागतात. ते झाड तोडण्यापेक्षा बाभूळ काळी केलेली मला केव्हाही पटते. दुकानदाराने चिठ्ठीवर 'काळी केलेली बाभूळ' असे लिहावे, आणि आबनुसाचा भाव घेतलाच असेल तर त्यातला वाटा सुतारालाही द्यावा.