मणका मोडण्याची वाट का पाहायची?

मिहानमध्ये विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र आहे आणि एम्सही. विमानाचा पंख किती भार सोसेल, हे तो मोडण्याची वाट न पाहता संगणकावर तपासता येते. तीच पद्धत कॅन्सर रुग्णाच्या मणक्यालाही लावता येते. नागपूरने ती रुग्णांपर्यंत आणण्यासाठी पुढाकार घ्यावा.

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की अनेकदा मणक्यांत शिरतो. आतून पोखरलेला मणका बादली उचलताना, कधी नुसत्या खोकल्यानेही दबतो. मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून प्रश्न असतो: शस्त्रक्रिया करून मणका आधीच पक्का करायचा, की रेडिएशन देऊन थांबायचे?

हे ठरवताना २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सिन्स’ ही गुणपद्धत मदतीला येते. गाठीची जागा, वेदना, मणका किती दबला आहे अशा सहा गोष्टींना गुण देतात. ० ते ६ म्हणजे मणका स्थिर, १३ ते १८ म्हणजे अस्थिर. ७ ते १२ गुणांचे रुग्ण मात्र अधांतरी राहतात.

संगणकाची गरज इथेच आहे. सीटी स्कॅनवरून हाडाची घनता कळते. मणक्याचे हजारो बारीक भाग कल्पून प्रत्येकाला घनतेनुसार ताकद दिली जाते. मग त्यावर भार टाकून मणका कुठे आणि किती वजनाला मोडेल, याचे गणित मांडतात. रेडिएशनच्या आखणीसाठी सीटी बहुधा होतोच; तोच इथे कामी येऊ शकतो.

मात्र परदेशी रुग्णांवर पारखलेले गणित जसेच्या तसे उचलू नये. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि स्कॅनर बदलला की घनतेचे आकडेही बदलतात. म्हणून एम्स, जवळच्या जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि शहरातील व्हीएनआयटीचे अभियंते यांनी एकत्र यावे. संगणकाचा अंदाज आधी नोंदवावा, पुढे कोणाचा मणका खरोखर दबला ते पाहावे आणि ताळा जमला तरच त्यावर उपचार ठरवावेत. डॉक्टरांवर कामाचा ताण आहे, हे मान्य. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा भार घर आणि रुग्णालय दोघांवरही पडतोच.

तोवर एक गोष्ट घरीच करता येईल. कॅन्सर झालेल्या माणसाची पाठ रात्री किंवा हालचाल करताना दुखू लागली, तर मालिश करू नका; लगेच डॉक्टरांना दाखवा. पायांत अशक्तपणा वाटला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाटही पाहू नका.