लाहोरचं न झालेलं भाषण

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरात ‘संदर्भ’, आणि खाली ‘गूगल, विकिपीडिया, इंटरनेट’. हे पान कुठल्याही महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या ओळखीचं असेल. आता त्यात ‘चॅटजीपीटी’ची भर पडली आहे. मुलांचा मला राग येत नाही. माहिती कुठे शोधायची आणि मिळाल्यावर ती कशी पारखायची, हे आपण त्यांना कधी शिकवलं? प्रवेश झाल्यावर ग्रंथालयातून एक फेरी, कपाटं दाखवली, कार्ड हातात दिलं की आपलं काम झालं.

हे कौशल्य नुसत्या सूचनांनी येत नाही, त्यासाठी हातात एखादा खरा प्रश्न लागतो. राज्यशास्त्राच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या परिषदेत ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण केलं.’ खरं की खोटं, शोधा. मोबाइल बाहेर निघतात. “मॅडम, बरोबर आहे, चार ठिकाणी हेच दिलंय.” मग ती चारही पानं शेजारीशेजारी उघडायला सांगते. वाक्यं शब्दशः सारखी, लेखकाचं नाव कुठेच नाही. म्हणजे साक्षीदार चार नाहीत, एकच आहे, आणि तोही निनावी.

मग मूळ पुस्तक. महाराष्ट्र शासनानं १९७९ साली काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात ते आहे, आणि तो खंड इंटरनेटवर फुकट मिळतो. मजकुराआधीच परिषद भरवणाऱ्या जात-पात तोडक मंडळाशी झालेला पत्रव्यवहार छापला आहे. मंडळाला भाषणातला काही भाग खटकला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. भाषण झालंच नाही. त्यांनी स्वखर्चानं ते छापलं. हे वाचताना वर्ग एकदम जागा होतो. स्वतः शोधून काढलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत. पुढच्या वेळी महाडच्या तळ्यावरचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, आणि मनुस्मृतिदहन, २५ डिसेंबर १९२७, या दोन घटना एकाच दिवशी घडल्याचं सांगणारा संदेश आला, तर तारीख तपासायची बुद्धी त्यांना आपसूक होते.

चॅटजीपीटी तर नसलेली पुस्तकंही लेखक-प्रकाशकासह बिनदिक्कत सांगतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्यानं रचलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि त्यांना दंड झाला. शिकल्यासवरल्या वकिलांची ही गत, तर आपली एफवायची मुलं काय करणार?

साधनांची वानवा नाही. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध खुले आहेत, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट या ऑनलाइन सेवेतून हजारो नियतकालिकं मिळतात, पण त्याचं लॉगिन आपल्यालाही मिळू शकतं हे कित्येक विद्यार्थ्यांना पदवी हातात पडेपर्यंत कळत नाही. हे सगळं ज्यांना ठाऊक असतं ते ग्रंथपाल पुस्तकांची देवघेव आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली यांत अडकलेले. कित्येक ठिकाणी तर ते पदच रिकामं.

प्राचार्यांना माझी विनंती आहे. यंदा प्रकल्पाच्या गुणांतले निदान पाच गुण फक्त संदर्भांना ठेवा : लेखक, वर्ष, पान, आणि तो संदर्भ विद्यार्थ्यानं स्वतः उघडून पाहिला का. आणि ते गुण देताना ग्रंथपालांना आमच्या शेजारी बसवा.