कबरीच्या जागेसाठी जागे झालो, वसियतीचं काय?

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने एक परिपत्रक काढलं. कोरोनाने मरण पावलेल्या प्रत्येकाचं दहनच होईल, मग मयताचा धर्म कोणताही असो, असा त्याचा आशय होता. आपला समाज काही तासांत खडबडून उठला. फोन खणखणले, मंत्र्यांपर्यंत निरोप गेले आणि त्याच दिवशी परिपत्रक बदलावं लागलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानात कोरोनाच्या मयती दफन करू नयेत म्हणून काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एस. एस. शिंदे यांनी २२ मे २०२० रोजी त्यांची मागणी फेटाळली. सन्मानाने दफन होणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या हक्काचाच भाग आहे, आणि दफनाने रोग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. (मालाडच्या मालवणीत मात्र एप्रिलच्या आरंभी एका मुस्लिम वृद्धाला कब्रस्तानात जागा नाकारली गेली, आणि अखेर त्याचं दहन झालं. नाकारणारे परके नव्हते, हेही लक्षात ठेवलेलं बरं.)

मयतीसाठी समाज जागा झाला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण मयत ज्यांना मागे ठेवून गेली त्यांच्यासाठी हा समाज किती तास जागा राहिला? कफन-दफनाचा हक्क कोर्टाकडून मिळवणाऱ्यांनी वसियतीचा हक्क तर कधीच गमावलेला नव्हता. कुणी हिरावला नव्हता, कुणी परिपत्रक काढलं नव्हतं. तरी मुंब्रा, कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, घासबाजार या वस्त्यांतल्या शंभर घरांत विचारा, किती जणांनी वसियत लिहून ठेवली आहे? उत्तर ऐकायला फार वेळ लागणार नाही.

आम्ही याच पट्ट्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. लाटेनंतर शाळा उघडल्या तेव्हा दाखल-खारिज रजिस्टरात पालकाच्या रकान्यात बापाच्या जागी कुठे नाना, कुठे मामू, कुठे नुसतंच आईचं नाव आलं. चाचाचं नाव फार कमी वेळा आलं. ते का, हे समजायला शिक्षक असावं लागत नाही. एप्रिल-मे २०२१ च्या लाटेने कमावती माणसंही नेली. अशा घरात आजोबा राहिले, चाचे राहिले, बेवा आणि तिची मुलं राहिली. आणि घर आजोबांच्या नावावर.

आता गणित करू. आठवीचा मुलगाही करील असं हे गणित आहे. समजा, मुंब्र्यात एक फ्लॅट आहे, किंमत ३० लाख. कागदावर नाव वडिलांचं. थोरल्या मुलाने आखातात राहून हप्ते भरले, पण बाप हयात असताना घर मुलाच्या नावावर घेणं आपल्यात शोभत नाही, म्हणून नाव वडिलांचंच. वडिलांना तीन मुलगे, मुलगी नाही, बायको आधीच वारलेली. घरात कोरोना शिरला. वडील सोमवारी गेले आणि थोरला मुलगा बुधवारी गेला, तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी प्रत्येक मुलाचा १० लाखांचा हिस्सा ठरला. थोरल्याचे ते १० लाख त्याच्या बायको-मुलांना मिळतील, बायकोला आठवा हिस्सा आणि बाकी मुलांना. हेच उलटं करा. मुलगा सोमवारी गेला आणि वडील बुधवारी. आता जिवंत असलेल्या दोन भावांना १५-१५ लाख, आणि यतीम मुलांना शून्य. सून तर सासऱ्याची वारस नसतेच. मुलगे हयात असताना मेलेल्या मुलाची मुलं वारस होत नाहीत, हा नियम हनफी मुंब्र्यालाही लागू आणि शाफई कोकणी कल्याणलाही. दोघे एकाच रात्री गेले आणि कोण आधी गेलं ते कळलंच नाही, तर ते एकमेकांचे वारस नाहीत. म्हणजे मुलांना पुन्हा शून्य. रुग्णालयाच्या दाखल्यावरची वेळ एका कुटुंबाचं छप्पर ठरवते, ही आमची अतिशयोक्ती नाही.

इथे आपले काही भाऊ चटकन दोन टोकं गाठतात. एक टोक म्हणतं, पाहा, हा कायदाच अन्यायी. दुसरं म्हणतं, अल्लाहने हिस्से ठरवून दिलेत, माणसाने लुडबूड करू नये. दोघांनीही पुढचं पान वाचलेलं नसतं. सूरह निसामध्ये जिथे हिस्से सांगितले आहेत, त्या ११ व्या आणि १२ व्या आयतीत चार वेळा बजावलं आहे की ही वाटणी वसियत आणि कर्ज फेडल्यानंतरची. चार वेळा! ज्या गोष्टीचा उल्लेख वाटणीच्या प्रत्येक टप्प्यावर आला, ती आपण 'गैरजरूरी' ठरवून टाकली. जो वारस नाही त्याला मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसियतीने देता येतं. यतीम नातू वारस नाही, म्हणूनच वसियतीचा पहिला हक्कदार तोच. वरच्या गणितात आजोबांनी एक तृतीयांश नातवंडांना लिहून दिला असता, तर तो नेमका १० लाख झाला असता. बापाचा हिस्सा जसाच्या तसा. शरीअतने दार बंद केलं नव्हतं, आजोबांनी ते उघडलं नाही.

मुस्लिम देशांनी हे दार कायद्याने उघडलं आहे. इजिप्तने १९४६ मध्ये यतीम नातवंडांसाठी सक्तीची वसियत आणली. आजोबाने लिहिलं नसेल तर कायदाच एक तृतीयांशाच्या मर्यादेत ते लिहिलेलं धरतो. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशात वेगळ्या मार्गाने जाऊन नातवंडांना बापाच्या जागी उभं केलं. त्यावर तिथे वाद झाले, होत राहतील. पण आपल्याला ना संसदेची वाट पाहायची आहे ना कुणाच्या आंदोलनाची. एक कागद आणि एक पेन लागतं. उत्तराखंडात जानेवारी २०२५ मध्ये समान नागरी कायदा लागू झाल्यापासून आपल्याकडे 'शरीअत बचाओ'च्या सभा पुन्हा जोरात आहेत. व्यासपीठावरच्या बुजुर्गांना आम्ही अदबीने विचारतो, आपली स्वतःची वसियत कुठे आहे? शरीअतचा जो भाग आपल्याच हातात होता, तो तर बचावा!

वसियतीचं नाव काढलं की घरातल्या अम्मी-दादी 'बदशगुनी' म्हणून तोंडावर हात ठेवतात. पैगंबर (स.) यांची हदीस, अब्दुल्लाह बिन उमर यांनी सांगितलेली, स्पष्ट आहे: वसियत करण्याजोगं काही असलेल्या मुसलमानाने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही काढू नयेत. आपण दोन लाटा काढल्या. साद बिन अबी वक्कास आजारी पडले आणि त्यांनी दोन तृतीयांश, मग अर्धं दान करण्याची परवानगी मागितली, तेव्हा पैगंबरांनी एक तृतीयांशावर थांबवलं, आणि तोही पुष्कळच असल्याचं सांगितलं, कारण मागे राहिलेल्यांनी लोकांपुढे हात पसरू नयेत. आपल्या जुन्या विद्वानांनी हा विषय इतका गंभीरपणे घेतला की नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला त्याचा मोठा भाग वसियत आणि वारसा यांच्या गणितांनीच भरला आहे. ज्या विषयाच्या नावाने आमची मुलं थरथरतात, तो वसियतीच्या हिशेबातही वाढला. आणि त्याच समाजात आज वाटणी ठरते ती मोठ्या चाचाच्या आवाजावर.

काहीजण वसियत लिहितात, तीही भलत्याच हेतूने: मुलींना वगळून सगळं मुलांच्या नावे. असा कागद बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय टिकत नाही. मग संमती कशी मिळवतात? चाळिसाव्याच्या आत बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं, डोळे सुजलेले असतात, आणि 'माहेर हवं की हिस्सा' हा प्रश्न कुणी मोठ्याने न विचारताही ऐकू येतो. अतिदक्षता विभागात तोंडावर ऑक्सिजन असताना घेतलेला अंगठाही असाच कुचकामी. मर्ज-उल-मौतमध्ये, म्हणजे ज्या आजारात माणूस जातो त्या आजारात, केलेलं बक्षीस वसियतीसारखंच धरलं जातं, तीच एक तृतीयांशाची मर्यादा, आणि वारसाला दिलं असेल तर बाकीच्यांची संमती. ज्याला हयातीत द्यायचं आहे त्याने धडधाकट असताना हिबा करावा, ताबाही द्यावा.

आणि वाटणीच्या आधी कर्ज. बीबीचा न दिलेला मेहर हे कर्ज आहे, दान नव्हे. कल्याण-भिवंडीकडे धंद्याचा हिशेब चिठ्ठ्यांवर चालतो, बायकांच्या बी.सी. जिभेवर चालतात, शेजारणीचे दागिने अमानत म्हणून एखाद्याच्या कपाटात असतात. माणूस जातो, मोबाइल कुलूपबंद राहतो आणि कोणाचं काय देणं-घेणं ते कुणालाच ठाऊक नसतं. कुरआनमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचं लिहून ठेवा हे सांगणारी आहे, आणि आपण लिहून मागणाऱ्याला 'भरोसा नाही का?' म्हणून नाराज करतो. बँकेच्या फॉर्मवर नॉमिनी लावला म्हणजे झालं, हाही असाच एक भ्रम. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, आणि तो खटला 'कालनिर्णय'च्या साळगावकरांच्या घरातला होता. शिकल्या-सवरलेल्या घरालाही हे न्यायालयातच कळतं.

सरकार देईल, या भरवशावरही राहू नये. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने कोरोनाने अनाथ झालेल्या मुलांसाठी ५ लाखांची ठेव जाहीर केली, ती आई आणि बाप दोघेही गेलेल्यांसाठी. पन्नास हजारांच्या मदतीसाठी तर बेवांना चाचणीचा अहवाल हातात घेऊन खिडक्या फिराव्या लागल्या.

एक गोष्ट समाजाला कडू लागेल, तरी लिहितो. रुग्णालयात दाराबाहेर उभं राहायचीही परवानगी नव्हती, व्हेंटिलेटरचा निर्णय फोनवर विचारला जात होता, आणि फोन ज्याच्या हातात तो निर्णयाचा मालक. शुद्धीत असताना माणसाने सांगून ठेवावं की डॉक्टरांशी कोण बोलेल. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात अशा लेखी इच्छेला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. उपचार कुठे थांबवावेत यावर आपल्या उलेमांना जरूर विचारा. पण बोलणारा कोण, हे लिहायला कुठल्याही फतव्याची गरज नाही.

हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले. आपलं दहन व्हावं ही त्यांची इच्छा होती, आणि त्यावर आपल्यात जो गदारोळ झाला तो अजून शमलेला नाही. त्यांच्या इच्छेशी आम्ही सहमत नाही. पण त्या माणसाने आपल्या शेवटाबद्दल काही ठरवून ठेवलं होतं. त्यांच्यावर आजही तोंडसुख घेणाऱ्यांपैकी किती जणांनी आपलं दफन कुठल्या कब्रस्तानात, गुस्ल कोण देईल, राहिलेल्या रोजांचा फिदिया किती, एवढं तरी लिहून ठेवलं आहे?

मुसलमानाच्या वसियतीला कायद्याने स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तोंडी वसियतसुद्धा वैध आहे, पण ती शाबीत करताना वारसांचे जोडे झिजतात. म्हणून लिहावी, आयतीत सांगितल्याप्रमाणे दोन साक्षीदार घ्यावेत, जमलं तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. मुद्रांक शुल्क नाही. बायकांनीही लिहावी, मेहर आणि दागिने त्यांचेच आहेत. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी वर्षातून एक जुम्मा यासाठी द्यावा. निकाहनाम्यांची रजिस्टरं ठेवायला जमातींच्या दफ्तरात लोखंडी कपाट असतंच. त्याच कपाटात बंद लिफाफ्यांसाठी एक खण का असू नये, हे विश्वस्त मंडळींनी येत्या वार्षिक सभेत सांगावं.