फ्रँकोचे आभार कशाला मानायचे?

परवा आमच्या फिल्म क्लबात बुन्युएलचा 'विरिदियाना' दाखवला. नंतरच्या चर्चेत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "खरं तर फ्रँकोचे आणि चर्चचे आभारच मानायला हवेत. हद्दपारी नसती तर बुन्युएल घडलाच नसता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय.

आधी बुन्युएलचंच घेऊ. तो १९०० साली कालांदा गावात जन्मला आणि सारागोसात जेझुइटांच्या शाळेत शिकला. पाप, मोह, अपराधगंड हे सगळं त्याला स्पेनमध्येच मिळालं, त्यासाठी देश सोडावा लागला नाही. 'अन शिएन आंदालू' १९२९ चा आणि 'लास उर्देस' १९३३ चा. म्हणजे फ्रँकोच्या आधीच तो घडलेला होता. पुढे दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव असलेला चित्रपट आला तो थेट १९४७ मध्ये, मेक्सिकोत. मधली बरीच वर्षं युद्धात आणि परागंदा होण्यात गेली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयातली नोकरीही १९४३ मध्ये सोडावी लागली, कारण तो नास्तिक आणि कम्युनिस्ट असल्याचा बोभाटा तिथेही पोचला होता. या वर्षांचे आभार कोणी मानायचे?

'विरिदियाना' तर त्याने स्पेनमध्ये परतून, सरकारी परवानगीने केला. १९६१ मध्ये कानला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने झोडपलं, आणि स्पेनने बंदी घातली. स्पॅनिश प्रेक्षकांना तो १९७७ मध्ये, म्हणजे फ्रँको मेल्यानंतर, पाहता आला.

आणि हद्दपार होतात ते फक्त नास्तिकच, असंही नाही. लुईस विवेस श्रद्धाळू कॅथलिक होता. पण घराणं मूळचं ज्यू. १५२४ मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या वडिलांना जाळलं. नंतर, वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आईची हाडं उकरून तीही जाळली. अल्कालाच्या विद्यापीठाचं बोलावणं येऊनही तो स्पेनला परतला नाही. १५४० मध्ये ब्रूजला वारला. १७६७ मध्ये तर कॅथलिक राजानेच जेझुइटांना देशाबाहेर काढलं.

यावर कोणी म्हणेल, "मग गार्सिया द ओर्ताचं काय?" प्रश्न रास्त आहे. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, तेव्हा त्याचे आईवडील पोर्तुगालला आले. तो स्वतः १५३४ मध्ये गोव्यात पोचला आणि १५६३ मध्ये आपल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ तिथेच छापला गेला. ही साखळी तुटली असती तर कदाचित हे पुस्तक नसतं. मान्य. पण पुढचंही वाचा. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्या व्यवस्थेला या पुस्तकाचं श्रेय द्यायचं, तिने लेखकाला मेल्यावरही सोडलं नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. लॉगमध्ये फक्त यशस्वी रिक्वेस्ट्स साठवल्या, तर सिस्टिम कधीच पडत नाही असा अहवाल सहज काढता येतो. हद्दपारीचं कौतुक हा तसलाच अहवाल आहे. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने सुमारे तीन लाख मोरिस्को हाकलले. हे बाप्तिस्मा घेतलेले, कागदोपत्री ख्रिस्ती लोक होते. त्यांच्यात किती कवी, किती वैद्य, किती बुन्युएल होते? ती नोंद कुठल्याच लॉगमध्ये नाही. जे बुडाले, गप्प झाले किंवा पोट भरण्यातच संपले, त्यांच्यावर फिल्म क्लबात चर्चा होत नाही.

आभार मानायचेच असतील तर दार उघडणाऱ्यांचे माना. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या काळात मेक्सिकोने स्पॅनिश निर्वासितांना आसरा दिला. त्यांच्यातल्या विद्वानांसाठी १९३८ मध्ये 'कासा दे एस्पान्या' उभी केली, तिचंच पुढे 'एल कोलेहिओ दे मेहिको' झालं. पेरणी तिथे झाली. फ्रँकोने फक्त शेत पेटवलं होतं.

पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. पुढच्या वेळी गेलात तर बसा थोडा वेळ. पण बाग छान आहे म्हणून हाडं जाळणाऱ्यांना श्रेय देऊ नका.