एक दिवस आभाळाचा

आपल्या पिढीला सुट्टीसुद्धा प्रोजेक्टसारखी लागते. एक्सेल शीट, कलर कोडिंग, रोजचं टार्गेट! आणि त्यात चूक तरी काय म्हणा? बॉसला पटवून जेमतेम बारा दिवसांची रजा मिळालेली असते. व्हिसा, विमान, हॉटेलं सगळं आधीच भरून झालेलं असतं. आई-बाबांना घेऊन जायचं तर पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे साथ देतील की नाही, ही धाकधूक वेगळीच. मग एकेक तास वसूल करावासा वाटणारच की हो!

अशा शीटमध्ये सगळं असतं, फक्त हवा नसते. आणि न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर हवा हीच खरी बॉस आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, आम्ही पाच जण तिथे गाडीने फिरलो. आई, बाबा, नवरा, सहा वर्षांची लेक आणि मी. क्राइस्टचर्चला गाडी घेतली आणि बेटाला मोठा वळसा घालून तिथेच परत केली. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे ते टेन्शन नाही. सवय करून घ्यावी लागते ती एकेरी पुलांची. चांगला हायवे चालू असतो आणि एकदम पूल येतो, एकाच गाडीपुरता. पाटीवर दोन बाण असतात. आपल्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल, तर थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तयार झालेल्या माणसाला हे ‘आधी तुम्ही’ पचायला दोन दिवस लागतात!

पहिल्याच दिवशी हवेनं आपले रंग दाखवले. क्राइस्टचर्चमध्ये टी-शर्टवर होतो, तर तीन तासांनी टेकापो तलावाशी उतरलो तेव्हा आईनं शालीवर स्वेटर चढवला. मध्ये एकदा पाऊस, एकदा ऊन आणि एकदा दोन्ही एकदम. लेकीनं विचारलं, “आजोबा, इथे पावसाला वेळापत्रक नसतं का?”

बाबा जुने ट्रेकर. सह्याद्रीतले निम्मे किल्ले त्यांनी पायाखाली घातलेत. त्यांनी हॉटेलच्या टिश्यू पेपरवर नकाशाच काढला. “हे बघ बाळा, पश्चिमेकडून समुद्रावरचं वारं येतं. मध्ये हा डोंगर आडवा. वारं वर चढतं, गार होतं आणि सगळं पाणी तिकडेच ओतून टाकतं. इकडे येतं ते रिकाम्या हातानं. महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच!” इतकं सोपं करून मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिथला सह्याद्री म्हणजे सदर्न आल्प्स, आणि ‘अरबी समुद्र’ म्हणजे टास्मन समुद्र. डोंगराच्या पश्चिमेला मिलफर्ड साउंडला वर्षाला सरासरी ६ हजार ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि पूर्वेला, सेंट्रल ओटागोतल्या अलेक्झांड्राला ४०० मिलिमीटरसुद्धा नाही. आपण गाडीतून या दोन जगांच्या मधूनच फिरत असतो.

बाबांना या ट्रिपमध्ये एकच गोष्ट बघायची होती. माउंट कुक. माओरी भाषेत आओराकी. उंची ३ हजार ७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. १९५३ साली तेनसिंगसोबत एव्हरेस्टवर पोचण्याआधी एडमंड हिलरी याच डोंगरांत तयार झाला. १९४८ मध्ये माउंट कुकच्या दक्षिण धारेवरून पहिल्यांदा वर गेलेल्या तुकडीत तो होता. बाबांच्या कपाटात हिलरीचा पेपरमधला फोटो अजून जपून ठेवलेला आहे. बाकी क्रूझ, केबल कार वगैरे “तुम्ही ठरवा” असंच त्यांचं होतं.

माउंट कुक गावात दोन मुक्काम होते. पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी ढग, वर पाऊस. डोंगर सोडा, समोरचं पार्किंगही धड दिसेना. तिथे हिलरीचा ब्राँझचा पुतळा आहे, शिखराकडे तोंड करून उभा. बाबा त्याच्या शेजारी छत्री घेऊन अर्धा तास उभे राहिले. दोघंही ढगाकडे बघत!

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “अजून एक दिवस थांबलो तर?”

नवऱ्यानं शीट उघडली. एक दिवस थांबायचं तर क्वीन्सटाउनची रात्र जाणार. हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. केबल कारही राहणार होती आणि ती लेकीला कबूल केलेली. तो समजुतीनं म्हणाला, “बाबा, उद्याही ढगच दाखवतायत. पुढच्या वेळी...”

“अहो जावईबापू,” बाबा अगदी शांतपणे म्हणाले, “मी काय परत येणार आहे होय?”

टेबलावर कुणीच काही बोललं नाही. चिडून म्हणाले असते तर उत्तर देता आलं असतं. आईनं त्यांच्या ताटात उगाचच थोडा भात वाढला.

आम्ही थांबलो.

आणि तिसऱ्या दिवशीही शिखर दिसलं नाही! सिनेमात नक्की दिसलं असतं. पण त्या दिवशी कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं. आईनं मेतकूट-भात केला. बाबांनी नातीला फळीच्या गाठी शिकवल्या, बोलाईन आणि क्लोव्ह हिच. नवरा चक्क दुपारी झोपला. लॅपटॉप न उघडता गेलेला त्याचा असा दिवस मला तरी आठवत नाही.

मिलफर्डला तर धो धो पाऊस होता. ते अंतर ते अनाउहून साधारण १२० किलोमीटर आहे, आणि वाटेत १९५४ साली सुरू झालेला, डोंगरात खोदलेला होमर बोगदा लागतो. हा रस्ता लाडात घेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अतिवृष्टीनं तो जागोजागी उखडला होता आणि पर्यटक अडकून पडले होते. सकाळी रस्ता उघडा आहे याची खात्री करूनच आम्ही निघालो. क्रूझवर बसेपर्यंत सगळे ओलेचिंब. पण काय दृश्य होतं! कोरड्या दिवशी तिथे बोवेन आणि स्टर्लिंग हे दोनच मोठे धबधबे कायम असतात. पावसात मात्र कड्याकड्यावरून शेकडो धबधबे कोसळायला लागतात. पाऊस थांबला की बरेचसे तासाभरात गायब. म्हणजे ज्या पावसाला आपण “ट्रिप वाया गेली” म्हणतो, तोच तिथे मुख्य कलाकार. आई म्हणाली, “माळशेजची मोठी बहीण दिसते ही!”

मग वानाकावरून हास्टची खिंड ओलांडून आम्ही पश्चिम किनाऱ्यावर आलो. म्हणजे डोंगराच्या बरोबर दुसऱ्या अंगाला, ओल्या बाजूला. फॉक्स ग्लेशियर गावाजवळ मॅथेसन नावाचा तलाव आहे. त्याच्याभोवती तास-दीड तासाची सोपी वाट आहे, आई-बाबांना सहज झेपणारी. सकाळी लवकर गेलो. आभाळ धुऊन पुसून ठेवलेलं. काळ्याभोर पाण्यात दोन पांढरी शिखरं उलटी उभी होती. एक टास्मन आणि दुसरं कुक.

बाबांनी टोपी काढली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लबाड! मागच्या दारानं आला.”

तर मंडळी, फंडा सरळ आहे. जिथली हवा दिवसातून चार वेळा मूड बदलते, तिथे आठवड्यामागे एक दिवस शीटमध्ये कोरा सोडा. त्याचं नाव ‘आभाळाचा दिवस’. निदान अर्धी बुकिंग्ज अशी करा की बदलता येतील. शंभरचा वेग बघून किलोमीटर मोजू नका, तिथले रस्ते वळणाचे आहेत. मूल सात वर्षांखालचं असेल तर त्याची सीट सक्तीची आहे. आणि हो, विमानतळावर लाडू, चकल्या, लोणचं, चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट, जे आहे ते सगळं फॉर्मवर लिहा. लपवलंत तर जागच्या जागी ४०० डॉलर!

पण कोरा दिवस केवळ हवेसाठी नाही. आपल्याला वाटतं, राहिलं ते पुढच्या वेळी बघू. गाडीतल्या मागच्या सीटवर असं कुणीतरी बसलेलं असतं, ज्याच्या हिशेबात ‘पुढच्या वेळी’ नसतं. ते मागून काही मागणार नाहीत. चुकून एखादा दिवस मागितलाच, तर शीट मिटून ठेवा आणि थांबा.